एक रात्र, एक कोटी फायली

दोन हार्ड डिस्क घ्या. दोन्हींवर बरोबर 100 गिगाबाइट माहिती. पहिलीवर एकच अगडबंब फाइल, दुसरीवर दहा-दहा किलोबाइटच्या एक कोटी चिमुकल्या फायली. आता दोन्हींची प्रत काढा. पहिलीचं काम अकरा मिनिटांत आटोपतं. दुसरीचं? आज संध्याकाळी सहाला सुरू केलंत, तर परवा पहाटे तीन वाजून गेल्यावर संपतं!

माहिती तेवढीच, डिस्क तसलीच, केबलही तीच. मग मधले तेहतीस तास गेले कुठे?

प्रवासात गेले. हार्ड डिस्कच्या पोटात एक चकाकती चकती मिनिटाला 7,200 फेरे घेत असते, म्हणजे सेकंदाला 120. साडेतीन इंची डिस्कमधल्या चकतीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने पळते. तिच्यावर वाचणारं डोकं तरंगत असतं, तेही जेमतेम काही नॅनोमीटर अंतर राखून. मधल्या फटीत विषाणूसुद्धा मावायचा नाही. या डोक्याला एका फायलीवरून दुसरीवर जायचं असलं, की आधी दांडा हलवून योग्य वर्तुळावर यावं लागतं. त्यात सरासरी आठेक मिलिसेकंद जातात. मग हवा तो भाग फिरत खाली येईपर्यंत थांबायचं; अर्ध्या फेरीचे आणखी चार. झाले बारा मिलिसेकंद.

आणि एकदा जागेवर पोहोचलं, की दहा किलोबाइट वाचायला किती वेळ लागतो? सेकंदाला 150 मेगाबाइटचा वेग धरला तर 0.07 मिलिसेकंद! प्रत्यक्ष कामाच्या जवळजवळ 180 पट वेळ जाण्यायेण्यात. बारा मिलिसेकंदांना एक कोटीने गुणा: एक लाख वीस हजार सेकंद, म्हणजे तेहतीस तास वीस मिनिटं. हाही उदार हिशोब झाला. एका फायलीसाठी डोकं एकदाच हलेल असं आपण धरलं. खरं तर ते बहुतेकदा जास्त वेळा हलतं.

तुम्ही म्हणाल, हार्ड डिस्क सोडा, एसएसडी लावा. जरूर लावा. तिच्यात फिरणारं काहीच नाही, ती सेकंदाला हजारो फायली सहज उघडून देते. पण बॅकअप जातो दुसऱ्या मशीनवर, नेटवर्कवरून. तिकडे एक प्रश्न पाठवून उत्तर यायला एक मिलिसेकंद धरा. एक कोटी प्रश्नांना पावणेतीन तास गेले, आणि अजून एका बाइटचीही प्रत निघालेली नाही!

बॅकअपला वजन पेलतं, संख्या पेलत नाही. गेल्या पन्नास वर्षांत या संख्येला चकवण्याच्या ज्या एकेक युक्त्या निघाल्या, त्या बघताना बुद्धी थक्क होते.

पण आधी हे सांगा, एवढ्या फायली येतात कुठून? एका माणसाचा सीटी स्कॅन काढला, तर शरीराचा प्रत्येक काप बहुधा स्वतंत्र फाइल म्हणून साठवला जातो. एका रुग्णाच्याच शेकडो फायली. वेबसाइटवर एक फोटो चढवला, की मोबाइलसाठी एक, यादीसाठी एक, मोठ्या पडद्यासाठी एक अशा त्याच्या चार-पाच आवृत्त्या तयार होतात. आणि ईमेल! पूर्वी एका माणसाची सगळी पत्रं एकाच लांबलचक फायलीत एकाखाली एक चिकटवलेली असत. लिहिता लिहिता वीज गेली, तर सगळ्याच पत्रांचं भवितव्य टांगणीला. डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने 1990च्या दशकात आपल्या 'क्यूमेल' या मेल सर्व्हरसाठी वेगळी पद्धत आणली, 'मेलडिर'. प्रत्येक पत्र ही स्वतंत्र फाइल. एकाला इजा झाली तरी बाकीची सुखरूप.

मेलडिरमधली एक बारीक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. पत्र वाचलं गेलं आहे की नाही, हे लिहून ठेवलेलं असतं चक्क फायलीच्या नावात. तुम्ही पत्र उघडलंत की नावाच्या शेवटी एक 'एस' लागतो. उत्तर दिलंत की 'आर'. म्हणजे सकाळी चहा घेता घेता तुम्ही वीस पत्रं नुसती वाचलीत, तर सर्व्हरवरच्या वीस फायलींची नावं बदलली. मजकूर तोच, एक अक्षरही हललेलं नाही. पण नावावर भिस्त ठेवणाऱ्या बॅकअपला वाटतं, जुन्या वीस फायली गेल्या आणि नव्या वीस आल्या. बसा परत पाठवत!

इथे एक मूलभूत प्रश्न येतो. फाइल म्हणजे नेमकं काय? केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 नंतर बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडवताना याचं जे उत्तर दिलं, ते आजही बहुतेक सर्व्हरांच्या पोटात आहे. फायलीत फायलीचं नाव नसतंच! नाव असतं फोल्डरमध्ये. फोल्डर म्हणजे साधी यादी: डावीकडे नाव, उजवीकडे एक क्रमांक. त्या क्रमांकावर गेलं की सापडतो 'आयनोड', ही त्या फायलीची नोंद. लिनक्सच्या 'एक्स्ट4' पद्धतीत ती सहसा 256 बाइटांची. मालक कोण, आकार किती, शेवटचा बदल कधी झाला, मजकूर डिस्कवर कुठे ठेवला आहे, सगळं तिथे. फक्त नाव नाही.

आणि हे आयनोड किती असणार, ते डिस्क तयार करतानाच ठरून जातं. एक्स्ट4 साधारण दर 16 किलोबाइट जागेमागे एक आयनोड राखून ठेवते. एक टेराबाइटच्या डिस्कवर सहा कोटींच्या आसपास. आता कल्पना करा, फायली चार-चार किलोबाइटच्याच आहेत. सहा कोटी फायली झाल्या, आयनोड संपले, आणि सर्व्हर सांगायला लागला, 'जागा शिल्लक नाही'. डिस्क तर निम्म्याहून अधिक रिकामी दिसते आहे! रात्री दोन वाजता हा निरोप वाचणाऱ्या ॲडमिनचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. 'डीएफ' ही कमांड त्याला मोकळी जागा दाखवते. तिलाच 'आय' हा पर्याय जोडला की खरा प्रकार उघड होतो: आयनोड 100 टक्के वापरले.

अशाच एखाद्या भरगच्च फोल्डरमध्ये जाऊन 'एलएस' ही यादी दाखवणारी कमांड टाइप करून बघा. पडदा गप्प. मिनिट जातं, काहीच नाही. मशीन बंद पडलं की काय? नाही, ते इमानेइतबारे राबतं आहे. एलएस आधी सगळी नावं गोळा करते, त्यांची अकारविल्हे लावते आणि मगच पहिलं नाव छापते. तिला 'एफ' हा पर्याय द्या, म्हणजे 'क्रम राहू दे, सापडेल तसं सांग', की क्षणार्धात नावांचा धबधबा सुरू होतो.

आता रोजच्या बॅकअपकडे वळू. रोज रात्री सगळ्याची प्रत काढणं शक्य नाही, कारण रात्र तेहतीस तासांची नसते. मग फक्त बदललेल्या फायली घ्यायच्या. पण कोणत्या बदलल्या, हे कळणार कसं? जनगणनेचा प्रगणक दारोदार जातो, तसा बॅकअपचा प्रोग्राम एकेका आयनोडचं दार ठोठावतो. 'आकार बदलला? तारीख बदलली?' 'नाही.' पुढचं दार. 'नाही.' पुढचं. कोटीभर दारं ठोठावून हाती लागतात चार-पाच हजार 'हो'. बाकी सगळी रात्र 'नाही' ऐकण्यात जाते!

या भटकंतीवरची पहिली युक्ती इतकी साधी आहे, की ती चालते यावर विश्वास बसत नाही. एक्स्ट4मध्ये मोठ्या फोल्डरची यादी मागितली, तर नावं एका गणिती खिचडीच्या क्रमाने येतात. त्या क्रमाने आयनोड बघत गेलं, तर डिस्कचं डोकं या टोकाहून त्या टोकाला उड्या मारत बसतं. त्याऐवजी आधी सगळी नावं घ्यायची, आयनोडच्या क्रमांकाने लावायची, आणि मग निघायचं. प्रगणकाने आडनावांच्या यादीप्रमाणे गावभर पळण्याऐवजी घर नंबरप्रमाणे गल्ली धरून चालावं, तसं. काम तेच, दारं तेवढीच. फक्त क्रम बदलला आणि वेळ कित्येक पटींनी उतरला!

दुसरी युक्ती टेपवाल्यांची. हो, टेप! ती अजून जिवंत आहे. 2021 साली आलेल्या 'एलटीओ-9' या प्रकारच्या एका कॅसेटमध्ये 18 टेराबाइट मावतात. तळहातावर राहील एवढी ती कॅसेट, आणि आत गुंडाळलेली फीत एक किलोमीटरहून लांब. जाडी अवघी पाच मायक्रोमीटरच्या घरात! सेकंदाला 400 मेगाबाइट या वेगाने ती माहिती गिळते. पण तिचा एक हट्ट असतो: घास सतत मिळाला पाहिजे. मधेच माहिती खुंटली, तर पळती फीत जागच्या जागी थांबू शकत नाही. ती थोडी पुढे जाते, थांबते, मागे येते, परत वेग घेते आणि मग पुढचं लिहिते. टेपवाले याला 'शू-शायनिंग' म्हणतात. त्यात वेळ तर जातोच, फीतही झिजते. आणि एक कोटी चिमुकल्या फायली वाचणारी डिस्क म्हणजे सतत खुंटणारा पुरवठा.

म्हणून आधी फायली एकत्र बांधायच्या. 1979च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर याच कामासाठी 'टार' आलं. प्रत्येक फायलीआधी 512 बाइटांची चिठ्ठी: नाव, मालक, आकार, तारीख. मग मजकूर. मग पुढची चिठ्ठी, पुढचा मजकूर. असा एकच लांब प्रवाह. त्या चिठ्ठीत डोकावा. फायलीचा आकार तिथे अष्टमान पद्धतीच्या अंकांत लिहिलेला असतो, आणि त्यासाठी जागा अकरा अंकांची. आठचा अकरावा घात म्हणजे 8 गिगाबाइट. त्या काळी एवढी मोठी फाइल कोणाच्या स्वप्नातही नसेल. ती मर्यादा नंतर ओलांडावी लागली, पण चिठ्ठीचा साचा अजून तोच. पुढे बॅकअपवाल्यांनी आणखी शक्कल लढवली: अनेक सर्व्हरांचे प्रवाह एकाच वेळी घ्यायचे आणि टेपवर एकमेकांत गुंफून लिहायचे. एक अडखळला तर दुसरा घास पुरवतो.

तिसरी युक्ती ऑस्ट्रेलियातली, आणि ती तर निव्वळ जादू आहे. 1996 साली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांना एक कोडं पडलं. दोन ठिकाणी एकाच फायलीच्या दोन प्रती आहेत. इकडची थोडी बदलली आहे. मधली लाइन मंद. फक्त फरक पाठवायचा आहे. पण फरक शोधायला दोन्ही प्रती शेजारी हव्यात. शेजारी आणायला एक पाठवावी लागणार. आणि अख्खी फाइल पाठवलीच, तर फरक कशाला शोधायचा?

त्यांचा 'आरसिंक' हा प्रोग्राम हे कोडं असं सोडवतो. तिकडचं मशीन आपल्या जुन्या प्रतीचे तुकडे पाडतं, समजा 700 बाइटांचे एकेक, आणि प्रत्येक तुकड्याची एक छोटी बेरीज इकडे पाठवतं. फक्त बेरजा, मजकूर नाही. इकडचं मशीन आपल्या नव्या प्रतीत त्या बेरजा शोधतं. पण कुठे शोधायच्या? सुरुवातीला कोणी एक अक्षर घुसवलं असेल, तर पुढचं सगळंच एका घराने सरकलेलं. म्हणून प्रत्येक जागेपासून बघायला हवं: 1 ते 700, मग 2 ते 701, मग 3 ते 702. दहा मेगाबाइटच्या फायलीत अशा एक कोटी जागा. प्रत्येक जागी 700 अंकांची बेरीज म्हणजे 700 कोटी बेरजा!

आणि इथे ती कमाल आहे. खिडकी एक घर सरकली, तर काय बदललं? डावीकडचा एक बाइट बाहेर गेला, उजवीकडचा एक आत आला. बस्स. जुन्या बेरजेतून गेलेला वजा करा, आलेला मिळवा. 700 बेरजांचं काम दोन क्रियांत झालं! अक्षरांचा क्रम बदलला तर कळावं म्हणून जोडीला आणखी एक बेरीज असते, तीही अशीच सरकती. या झटपट बेरजा जुळल्या, की मगच एका कडक चाचणीने खातरजमा करायची. जे तुकडे जुळले, ते तिकडे आहेतच. उरलेले तेवढे पाठवायचे.

पण बघा, आरसिंकने एका फायलीच्या आतलं कोडं सोडवलं; कोणती फाइल उघडायची, हे ठरवायला तोही दारोदारच जातो. पूर्वी तर तो सगळी यादी आधी मेमरीत घ्यायचा, फायलीमागे शंभरेक बाइट. एक कोटी फायलींना एक गिगाबाइट मेमरी नुसती यादीसाठी! 2008च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो यादी करता करताच काम सुरू करायला लागला.

आता जरा वेगळी अडचण बघा. ही भटकंती सहा तास चालली असं धरू. या सहा तासांत सर्व्हर झोपलेला नसतो. पहिली फाइल रात्री दहाची, शेवटची पहाटे चारची. मधल्या काळात कोणी एक पत्र 'अ' फोल्डरमधून 'ब'मध्ये हलवलं. 'ब' दहा वाजता बघून झाला होता, 'अ' चार वाजता बघितला. पत्र दोन्हीकडे सापडलं नाही! ते सर्व्हरवर सुखरूप आहे, बॅकअपमध्ये मात्र नाही. तुमच्या हाती जी प्रत आली, ती अवस्था त्या सर्व्हरची कधी, कुठल्याही क्षणी नव्हतीच.

म्हणजे आपल्याला हवं आहे ते असं: सगळा सर्व्हर एका क्षणात गोठवायचा, तो बंद न करता. आणि कोटी दारांपैकी फक्त बदललेली दारं ठोठावायची, बाकीच्यांना विचारल्याशिवाय. अशक्य वाटतं ना?

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एरन्स यांनी बांधलेली 'झेडएफएस' ही फायली साठवण्याची पद्धत 2005 साली सर्वांसाठी खुली झाली. ती दोन्ही गोष्टी एकाच नियमाने साधते: लिहिलेल्यावर पुन्हा लिहायचं नाही.

हे कसं, ते बघू. फायलीचा मजकूर ठोकळ्यांत असतो. त्या ठोकळ्यांचे पत्ते एका वरच्या ठोकळ्यात. त्या वरच्यांचे पत्ते आणखी वरच्यात. असं करत सगळ्यांचं एकच मूळ. पत्त्यांच्या एका ठोकळ्यात 1,024 पत्ते मावतात, म्हणजे तीन पायऱ्यांत 107 कोटी ठोकळ्यांपर्यंत पोहोचता येतं. आता एक मजकुराचा ठोकळा बदलला. जुन्यावर लिहायचं नाही, म्हणून नवा ठोकळा नव्या जागी. त्याचा पत्ता बदलला, म्हणून वरचा ठोकळाही नवा. मग त्याच्या वरचा. थेट मुळापर्यंत सगळी वाट नवी! एका अक्षरासाठी एवढा उपद्व्याप? काही सेकंदांतले सगळे बदल एकत्र करून ही वाट एकदाच लिहितात, त्यामुळे खर्च वाटला जातो. आणि या उपद्व्यापातूनच खजिना हाती लागतो.

प्रत्येक पत्त्याशेजारी झेडएफएस एक आकडा लिहून ठेवते: हा ठोकळा लिहिण्याच्या कितव्या फेरीत जन्मला. आता विचार करा. खालचा ठोकळा नवा झाला की वरचा नवा होतोच. मग वरचा जुना असेल, तर त्याच्या खाली काही नवं असू शकेल का? कदापि नाही! म्हणजे वरचा जन्म-आकडा कालच्या बॅकअपपेक्षा जुना दिसला, की खालचं सगळं न बघता सोडून द्यायचं. आपला प्रगणक आता दारोदार जातच नाही. वस्तीच्या वेशीवरचा आकडा वाचतो आणि तिथूनच परत फिरतो. एक आकडा वाचून हजार घरं टळली. त्याच्या वरचा वाचला तर दहा लाख. त्याच्याही वरचा वाचला तर शंभर कोटी!

आणि क्षण गोठवणं? त्याला तर जवळजवळ काहीच लागत नाही. जुन्यावर कोणी लिहीत नसेल, तर जुनं मूळ जपून ठेवलं की त्या क्षणीचा सगळा सर्व्हर जसाच्या तसा त्या मुळाखाली उभा असतो. फायली शंभर असोत की एक कोटी, 'स्नॅपशॉट' निघतो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. नावं बदललेल्या त्या वीस पत्रांचाही प्रश्न मिटला: बदलली ती फोल्डरची यादी, पत्रांचे ठोकळे जुनेच, म्हणून ते पाठवायचेच नाहीत. बॅकअपचा वेळ आता फायली किती आहेत यावर ठरत नाही. बदल किती झाले, यावर ठरतो.

मग सगळं आलबेल? क्योटो विद्यापीठाची गोष्ट ऐका. डिसेंबर 2021. तिथल्या सुपरकॉम्प्युटरच्या साठ्यातून 77 टेराबाइट, म्हणजे सुमारे 3 कोटी 40 लाख फायली पुसल्या गेल्या. कोणी पुसल्या? बॅकअपच्या प्रोग्रामने! त्यात जुन्या लॉग फायली काढून टाकणारा एक भाग होता. ती स्क्रिप्ट सुधारली गेली आणि नवी आवृत्ती जुनीच्या जागी ठेवली गेली, नेमकी जुनी चालू असताना. आता स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलची एक सवय लक्षात घ्या: तो स्क्रिप्ट एका दमात वाचत नाही, चालवत चालवत पुढचा भाग वाचतो. पायाखालचा कागदच बदलला, आणि त्याने नव्या स्क्रिप्टचा मधलाच भाग उचलला. कुठलं फोल्डर साफ करायचं, हे सांगणाऱ्या ओळी वर राहून गेल्या होत्या. ते नाव रिकामं, आणि पुसण्याचा हुकूम मात्र शाबूत. फटका बसला संशोधकांच्या खऱ्या फायलींना. 14 गटांचं काम गेलं. त्यातल्या चार गटांचं परत आणता आलं नाही.

म्हणून प्रत दूर हवी, आणि शक्यतो त्याच प्रोग्रामचा हात पोहोचणार नाही इतकी दूर. फेब्रुवारी 2011 मध्ये एका सदोष सॉफ्टवेअर अपडेटमुळे जीमेलच्या 0.02 टक्के लोकांचे मेलबॉक्स रिकामे दिसू लागले. गूगलकडे प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती होत्या, वेगवेगळ्या डेटा सेंटरांत. पण दोष सॉफ्टवेअरचा, म्हणून त्या प्रतीही गेल्या. वाचवलं कोणी? आपल्या त्या हट्टी टेपने! ती जोडलेलीच नव्हती, म्हणून तिला काही झालं नाही.

आणि परत आणण्याच्या दिवशी एक विचित्र सत्य समोर येतं. बॅकअपच्या साऱ्या युक्त्यांचा गाभा एकच होता: जे बदललं नाही, ते सोडून द्या. पण सगळंच गेलं, त्या दिवशी सोडून देण्यासारखं काय उरतं? काहीच नाही. कोटी आयनोड, कोटी नावं, कोटी तारखा पुन्हा एकेक करून घडवायच्या. ज्याचा बॅकअप रोज दहा मिनिटांत होतो, त्याला परत आणायला दोन दिवस लागू शकतात. म्हणून फायलींच्या नावांनी न जाता ठोकळ्यांच्याच ओळीने प्रवाह परत ओतण्याची सोय फार मोलाची. झेडएफएस तेच करते. फोल्डरसुद्धा तिच्या दृष्टीने ठोकळेच.

शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यांत अवघड. परत आलेलं जसंच्या तसं आहे, हे ओळखायचं कसं? ताडून बघायला मूळ प्रत तर राहिलीच नाही!

2002 साली बेल लॅब्जच्या शॉन क्विनलन आणि शॉन डॉरवर्ड यांनी 'व्हेंटी' नावाच्या साठ्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात ठोकळ्याला जागेवरून पत्ता मिळत नाही, मजकुरावरून मिळतो. मजकूर एका गणिती चरकातून पिळून 20 बाइटांचा ठसा काढायचा, तोच त्याचा पत्ता. एक अक्षर बदला, ठसा पार वेगळा. तोच मजकूर हजारदा आला तरी ठसा एकच, म्हणून साठवण एकदाच. आता वरच्या ठोकळ्यात खालच्यांचे ठसे ठेवा, आणि त्या वरच्याचाही ठसा काढा. असं मुळापर्यंत जा. सगळ्या सर्व्हरचा मिळून उरतो एक ठसा! 'व्हॅक' हा त्यांचा प्रोग्राम कितीही मोठा साठा घेऊन शेवटी तुमच्या हातात एक फाइल ठेवायचा, अवघ्या 45 बाइटांची. त्या चरकाचं नाव 'शा-1'. एकच ठसा देणारे दोन वेगवेगळे मजकूर 2017 साली घडवून दाखवले गेले, तेव्हा तो कच्चा असल्याचं सिद्ध झालं. आजची बरीच साधनं 32 बाइटांचा ठसा देणारा 'शा-256' वापरतात. कल्पना तीच.

त्या 45 बाइटांवरून मूळ ठोकळा मागवा. आला, की त्याचा ठसा काढा. जुळला तर तो खरा. त्याच्यातल्या ठशांवरून पुढचे मागवा, त्यांचेही ठसे जुळवा. येणारा प्रत्येक ठोकळा स्वतःची साक्ष स्वतःच देत येतो. कोटी फायलींमधला एक स्वल्पविराम कुठे हलला असेल, तरी पकडला जातो, आणि तेही मूळ प्रत जगात कुठेच शिल्लक नसताना. एका एसएमएसमध्ये मावणारी ओळ अख्ख्या सर्व्हरची जामीनदार!

फक्त एक करा. ती ओळ त्याच सर्व्हरवर लिहून ठेवू नका.